चौघांचा पट, चुरशीचा डाव: मित्रांसोबत स्ट्रॅटेजी बोर्ड गेम नीट कसे खेळावेत

डाव संपल्यावर हरलेल्या भिडूला पटावर बोट ठेवून “मी इथे चुकलो” असे सांगता आले पाहिजे. चुरशीच्या खेळाची गोडी त्यात आहे आणि पुढच्या रविवारी तो परत येतो तोही त्यासाठीच. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशिकमध्ये बुद्धिबळाची ओळख करून द्यायला नको. तिथे सगळे उघड्यावर असते, फासे नसतात, समोर एकच प्रतिस्पर्धी असतो. हरण्याचे कारण शोधले की सापडते. चौघांच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये मात्र फासे येतात, हातात लपवलेली कार्डे येतात, देवाणघेवाण येते आणि जुनी मैत्रीही येते. मग हरण्याचे खापर नशिबावर, अर्धवट कळलेल्या नियमांवर किंवा “त्याने मुद्दाम तिला मदत केली” यावर फुटते. हे टाळायचे असेल तर पहिला फासा पडण्याआधीच बरेच काम उरकावे लागते.

आधी माणसे मोजा, मग गेम निवडा

चार जण पक्के असतील तर कटान. क्लाउस टॉयबर यांचा हा गेम १९९५ साली जर्मनीत आला आणि या प्रकारचा खेळ शिकायला आजही त्याच्याइतका चांगला गेम दुसरा नाही, असे आमचे मत आहे. मूळ डब्यात तीन ते चार जणांचीच सोय असते. पाच-सहा जणांसाठी वेगळा विस्तार-संच घ्यावा लागतो. पाच जण असतील आणि तो संच नसेल तर टिकेट टू राइड काढा, तो दोन ते पाच जणांचा आहे. दोघेच उरलात तर अझूल. सहा जण आले तर एकाच पटाभोवती गर्दी न करता तीन-तीनची दोन टेबले लावा, सात आले तर चार आणि तीन. जास्तीच्या माणसाला “तू हिच्या जोडीने खेळ” असे सांगून बसवू नका. जोडीत कुजबुज होते, हातातली कार्डे बाकीच्यांना कळतात आणि प्रत्येक चालीला दुप्पट वेळ लागतो.

डब्यावर छापलेली वेळ सरावलेल्यांची असते. चौघे नवखे असतील तर कटानला नियम समजावण्यासह अडीच तास धरा. हात बसला की तोच डाव सव्वा ते दीड तासात होतो. नाशिकरोडहून गंगापूर रोडला पोचायला रहदारीत पाऊण तास सहज जातो, सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्यांच्या पाळ्या बदलत असतात. म्हणून निरोपात “चारपर्यंत या” असे लिहू नका, “साडेचारला पहिला फासा” असे लिहा आणि त्या वेळेला खरोखर सुरुवात करा. उशिरा आलेल्यासाठी अर्धा डाव थांबवला की पुढच्या वेळी सगळेच उशिरा येतात.

नवीन गेम घेतल्यावर घरी एकट्याने बसून भाग मोजा. कटानच्या डब्यात जमिनीचे १९ षटकोन, आकड्यांच्या १८ चकत्या, मालाची ९५ कार्डे (प्रत्येक मालाची १९) आणि २५ डेव्हलपमेंट कार्डे असतात. प्रत्येक रंगात ५ वस्त्या, ४ शहरे आणि १५ रस्ते. स्वस्त नकली प्रतींमध्ये कार्डांच्या पाठीचा रंग कमीजास्त असतो, त्यामुळे कुणाच्या हातात काय आहे ते पाठीवरूनच ओळखता येते. असा संच चुरशीच्या खेळाला निरुपयोगी आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी.

टेबल, फासे आणि खाणे

तीन बाय चार फुटांचे टेबल कटानला पुरते. जमिनीवर बसायचे असेल तर सतरंजीवर पट थेट मांडू नका. कुणाचा गुडघा लागला की षटकोन सरकतात. खाली प्लायवूडचा तुकडा किंवा मोठा कॅरम बोर्ड उलटा टाका. फाशांसाठी स्टीलचे ताट घ्या आणि त्यात जाड रुमाल पसरा. ताटाबाहेर पडलेला किंवा कडेला टेकून तिरका राहिलेला फासा पुन्हा टाकायचा, हा नियम आधीच सांगून ठेवा. हे आधी ठरले नसेल तर तिरका फासा ज्याच्या फायद्याचा असतो त्याला तो सरळच दिसतो. मालाची पाच प्रकारची कार्डे पाच वाट्यांत ठेवा आणि एकालाच बँकवाला करा.

मिसळ खायची तर डावाआधी खा. तर्रीचा एक थेंब कार्डाच्या पाठीवर पडला की ते कार्ड कायमचे खुणेचे झाले. डाव चालू असताना चिवडा चालेल, पण चमच्याने. मोसमात द्राक्षे ठेवलीत तर धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवा. चहाचे कप टेबलावर नकोत, शेजारी स्टूल ठेवा.

नियम शिकवण्याचा क्रम

बहुतेक जण नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवतात आणि दहाव्या मिनिटाला ऐकणाऱ्याचे लक्ष उडते. क्रम उलटा ठेवा. डाव कसा जिंकायचा ते आधी सांगा. कटानमध्ये आपल्या पाळीत १० गुण झाले की जिंकला. मग गुण कशाने मिळतात ते सांगा: वस्तीचा १, शहराचे २, सर्वांत लांब रस्त्याचे २ (किमान ५ सलग तुकडे), सर्वांत मोठ्या सैन्याचे २ (नाइट म्हणजे योद्ध्याची किमान ३ डेव्हलपमेंट कार्डे खेळलेली) आणि काही डेव्हलपमेंट कार्डांवरचा १. त्यानंतर एका पाळीत काय करायचे ते: फासे टाका, माल घ्या (फाशांची बेरीज ज्या षटकोनावर असेल त्याचा माल त्याच्या कोपऱ्यांवर वस्ती असलेल्यांना मिळतो), देवाणघेवाण करा, बांधा. बारीकसारीक अपवाद त्या त्या वेळी सांगितले तरी चालतात, एक सोडून. ७ पडल्यावर काय होते ते सुरुवातीलाच सांगा, कारण ते माहीत नसलेल्याची अर्धी कार्डे जातात आणि त्याला फसवल्यासारखे वाटते.

टेबलावर कुणी नवखा असेल तर पहिल्या दोन फेऱ्या सर्वांनी कार्डे उघडी ठेवून खेळा. सरावलेल्याने त्याला “इथे ठेव” असे सांगू नये, “या कोपऱ्यावर हे मिळते, त्या कोपऱ्यावर ते” इतकेच सांगावे. नाहीतर डाव सांगणाऱ्याचा होतो आणि चूक कुणाची ते कधीच कळत नाही.

कटानचा पट वाचणे

डावाचा मोठा भाग पहिल्या दोन वस्त्यांतच ठरतो, म्हणून इथे घाई करू नका. षटकोन पिसून मांडा: जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी ४, विटांच्या टेकड्या ३, खनिजाचे डोंगर ३ आणि एक वाळवंट. आकड्यांच्या चकत्यांवर मागे ए ते आर अक्षरे असतात. एका कोपऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने, आत वळत वळत, अक्षरांच्या क्रमाने त्या ठेवा आणि वाळवंट वगळा. असे केले की ६ आणि ८ शेजारी येत नाहीत. चकत्या पिसून कशाही टाकल्या आणि दोन लाल आकडे (६ आणि ८) चिकटले, तर तिथे पहिला बसणारा निम्मा डाव तिथेच जिंकतो.

आता चकत्यांवरची टिंबे मोजा. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी किती जोड्यांत तो आकडा येतो, ते टिंबे सांगतात. ६ आणि ८ वर पाच टिंबे, ५ आणि ९ वर चार, ४ आणि १० वर तीन, ३ आणि ११ वर दोन, २ आणि १२ वर एक. १८ चकत्यांवर मिळून ५८ टिंबे होतात. प्रत्येक मालाच्या वाट्याला किती टिंबे आली ते मांडणी झाल्यावर सगळ्यांनी मिळून मोजायला तीन मिनिटे द्या. समजा विटांच्या तीन टेकड्यांवर २, ३ आणि ११ आले, म्हणजे पाचच टिंबे. त्या डावात वीट सर्वांनाच कमी पडणार आणि जो विटेवर बसेल त्याच्या दाराशी बाकीचे येणार. ही बेरीज न करता वस्ती ठेवणारे पुढे “मला वीटच मिळाली नाही” म्हणतात. पण ती मिळणार नाही हे पटावर आधीच दिसत होते.

दोन कोपरे शेजारी ठेवून पाहा. एकावर गहू ८, खनिज १०, लोकर ४: टिंबे ५, ३, ३, एकूण ११. दुसऱ्यावर लाकूड ६, वीट ३, गहू १२: ५, २, १, एकूण ८. सरासरी ३६ फेकांत पहिला कोपरा ११ कार्डे देईल, दुसरा ८. नुसती बेरीज मात्र पुरत नाही. दोन्ही वस्त्या ८ आणि १० वरच बसवल्या तर ते आकडे न पडण्याच्या काळात हात रिकामा राहतो, म्हणून दोन वस्त्यांचे आकडे शक्यतो वेगवेगळे घ्या. गव्हाशिवाय सुरुवात करू नका. रस्ता सोडला तर सगळ्या बांधकामाला तो लागतो: वस्तीला लाकूड, वीट, गहू, लोकर. शहराला २ गहू, ३ खनिज. डेव्हलपमेंट कार्डाला खनिज, गहू, लोकर.

वस्त्या ठेवण्याचा क्रम १-२-३-४ आणि मग उलटा ४-३-२-१. दुसऱ्या वस्तीला लागून असलेल्या प्रत्येक षटकोनाचे एक कार्ड लगेच मिळते. चौथ्याच्या दोन्ही वस्त्या पाठोपाठ येतात, त्याने जोडीचा विचार करावा. पहिल्याला उत्तम कोपरा मिळतो, पण दुसरी वस्ती सर्वांत शेवटी. तेव्हा काय उरेल याचा अंदाज त्याने पहिली ठेवतानाच बांधायला हवा.

इथेच डावाची वाटही ठरवा. लाकूड-वीट हाताशी असेल तर लवकर पसरा, बंदर गाठा, लांब रस्त्याचे दोन गुण घ्या. गहू-खनिज असेल तर शहरे आणि डेव्हलपमेंट कार्डे. ही दुसरी वाट सुरुवातीला संथ वाटते, पण तीन शहरे, दोन वस्त्या आणि मोठे सैन्य मिळून १० गुण होतात. तिची अडचण एकच: तिसऱ्या वस्तीसाठी लाकूड-वीट देवाणघेवाणीतून आणावी लागते, म्हणून ती सुरुवातीच्या फेऱ्यांतच, कुणाला तुमची भीती वाटायच्या आत मिळवा. २:१ च्या बंदराचा (एका मालाची दोन कार्डे देऊन हवे ते एक घेण्याचा) मोह तेव्हाच धरा जेव्हा त्या मालाची आठेक टिंबे तुमच्या वस्त्यांवर आहेत. नाहीतर तो नुसता समुद्रकिनारा.

पट मांडून सर्व वस्त्या ठेवून झाल्या की फोनवर एक फोटो काढा. त्याचा उपयोग शेवटी आहे.

देवाणघेवाण, सात आणि दरोडेखोर

ज्याची पाळी आहे त्याच्याशीच देवाणघेवाण होते. बाकीचे आपापसात सौदा करू शकत नाहीत. फुकट देणे नाही, उधारी नाही. “पुढच्या वेळी गहू देईन” हे वचन बंधनकारक नसते, आणि ते पाळले नाही म्हणून रुसायचे नाही, हे सुरुवातीलाच सर्वांसमोर ठरवा. सौदा करण्याआधी एवढेच पाहा: या कार्डाने समोरचा आत्ता, याच पाळीत काय बांधणार? त्याला शहर आणि तुम्हाला नुसता रस्ता मिळत असेल तर एकास एक हा तोट्याचा भाव आहे, दोन मागा. दिसणारे ७ गुण झालेल्याशी सौदे बंद करावेत. त्याच्यासमोर न उघडलेली डेव्हलपमेंट कार्डे असतील तर एक गुण आधीच.

फाशावर ७ पडला की ७ पेक्षा जास्त कार्डे असलेल्या प्रत्येकाने निम्मी टाकायची, अपूर्णांक खाली. ८ असतील तर ४, ९ असतील तरी ४. आठ कार्डे घेऊन पाळी संपवली तर पुढच्या वेळी बांधण्याआधी चार फेका होतात: तिघांच्या तीन आणि तुमची एक. त्यांत एकदा तरी ७ पडण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा ही शिल्लक अंगलट येते. शहरासाठी साठवत असाल तर जास्तीचा माल बँकेला ४:१ ने देऊन टाका किंवा एक रस्ता बांधून हात हलका करा.

७ टाकणाऱ्याने दरोडेखोराची सोंगटी हलवायची असते. ती ज्या षटकोनावर असते तिथला माल मिळत नाही आणि तिथल्या एकाचे कार्ड चोरता येते. दरोडेखोर पुढे असलेल्याच्या ६ किंवा ८ वर बसवायचा. मगाशी कुणी आपल्यावर बसवला म्हणून त्याच्यावर परत बसवणे ही या टेबलावरची सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक आहे, कारण त्या दोघांच्या भांडणात तिसरा शांतपणे जिंकतो. बसवताना कारण मोठ्याने सांगण्याची सवय लावा: “हिचे आठ गुण आहेत म्हणून.” कारण सांगावे लागले की राग आपोआप बाजूला राहतो.

जे नियम हमखास चुकतात

डेव्हलपमेंट कार्ड घेतल्याच पाळीत खेळता येत नाही (गुणाचे कार्ड अपवाद) आणि एका पाळीत एकच खेळता येते. नाइट मात्र फासे टाकण्याआधीही खेळता येतो. दरोडेखोर हलवावाच लागतो, आहे तिथे ठेवता येत नाही. लांब रस्त्यात दुसऱ्याने बरोबरी केली तर मान पहिल्याकडेच राहतो, हिसकावायला एक तुकडा जास्त लागतो. मध्येच दुसऱ्याची वस्ती आली तर रस्ता तिथे तुटतो. बँकेत एखादा माल सर्वांना पुरेल इतका नसेल तर त्या फेकीला तो कुणालाच मिळत नाही, एकटाच हक्कदार असेल तर मात्र उरलेला त्याला मिळतो. पाचही वस्त्या पटावर असतील तर सहावी बांधता येत नाही, आधी एकीचे शहर करा म्हणजे सोंगटी मोकळी होते. आणि दुसऱ्याच्या पाळीत १० गुण झाले तरी जिंकत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

घरचे नियम घालायला हरकत नाही, पण ते कागदावर लिहून, डावाआधी. डाव रंगात आल्यावर “आमच्याकडे असे खेळतात” हे वाक्य मान्य करू नका. वाद झाला तर नियमपुस्तिका उघडा. तिथे उत्तर सापडले नाही तर दोन मिनिटांत बहुमताने ठरवा, लिहून ठेवा आणि पुढे चला.

वेळ आणि मागे घेतलेली चाल

बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की तीच हलवावी लागते. तोच नियम इथे थोडा सैल करून वापरा: पुढच्याने फासे उचलेपर्यंत बांधकाम मागे घेता येईल, त्यानंतर नाही. कार्ड ओढले, फासे टाकले किंवा कुणाचे कार्ड चोरले, म्हणजे नवी माहिती मिळाली, की मागचे काहीही परत नाही. पहिल्या वस्त्यांसाठी प्रत्येकी दोन मिनिटे, नंतरच्या पाळीला दीड मिनिट, फोनवर लावून. वेळ संपली म्हणून शिक्षा नको, “वेळ झाली” एवढे म्हटले की पुरते. विचारात अडकणाऱ्याला दुसऱ्याच्या पाळीत विचार करायला शिकवा. बँकवाल्याने मालाचे वाटप पटापट केले तरी डाव वीस मिनिटे लवकर आटोपतो.

टिकेट टू राइड आणि अझूल

अ‍ॅलन मून यांच्या टिकेट टू राइडमध्ये (२००४) रेल्वेमार्ग जोडायचे असतात, प्रत्येकी रेल्वेचे ४५ डबे. मार्ग जितका लांब तितके गुण झपाट्याने वाढतात: १ डब्याला १, २ ला २, ३ ला ४, ४ ला ७, ५ ला १०, ६ ला १५. म्हणजे सहाचा एक मार्ग दोनच्या सात मार्गांहून भारी. उघडे ठेवलेले इंजिनाचे कार्ड उचलले तर त्या पाळीत दुसरे कार्ड मिळत नाही, गड्डीतून न पाहता आले तर मिळते. हा फरक बहुतेक टेबलांवर विसरला जातो. दोघे-तिघे असताना जोडमार्गांपैकी एकच वापरता येतो, त्यामुळे अडवाअडवी खरी होते. अपुऱ्या तिकिटाचे (दोन शहरे जोडायला सांगणाऱ्या कार्डाचे) गुण वजा होतात, म्हणून शेवटी कुणाकडे दहाच्या आसपास डबे उरले असताना नवी तिकिटे ओढू नका. भारताचा नकाशाही मिळतो, पण तो विस्तार आहे. डबे आणि रंगीत कार्डे मूळ डब्यातलीच लागतात.

अझूल दोघांत सर्वांत धारदार. पाच रंगांच्या वीस-वीस फरशा, फरशा मांडायच्या बश्या दोघांना ५, तिघांना ७, चौघांना ९. समोरच्याला कोणता रंग नको आहे ते पाहून तो त्याच्या गळ्यात मारणे हीच इथली कुरघोडी आहे. जास्तीच्या फरशांचे गुण −१, −१, −२, −२, −२, −३, −३ असे वजा होतात. आडवी ओळ पूर्ण केल्यास २, उभी केल्यास ७, एक रंग पाचही ठिकाणी लावल्यास १० जादा. उभ्याकडे आधीपासून लक्ष ठेवा.

हरणाऱ्याने कसे खेळायचे आणि हिशेब कसा ठेवायचा

जो जिंकू शकत नाही त्याच्या हातात बऱ्याचदा कुणाला जिंकवायचे हे असते. चुरस इथेच बिघडते. “मी तर गेलोच, घे माझा सगळा गहू” हे थांबवायचा उपाय म्हणजे प्रत्येक क्रमांकाला किंमत देणे. चौघांच्या टेबलावर पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १. तिघांत ५, ३, १. गुण समान असतील तर वाटून द्या. वहीत तारीख, बसण्याचा क्रम, गुण लिहा आणि तीन-चार बैठकींची बेरीज धरा. तिसरा येणेही कामाचे असले की शेवटचा माणूस स्वतःसाठीच खेळतो. नवरा-बायको किंवा भावंडे एकाच टेबलावर असतील तर त्यांना समोरासमोर बसवा. आठ जण असतील तर पहिल्या फेरीनंतर दोन्ही टेबलांवरचे पहिले दोघे एकत्र, उरलेले चौघे एकत्र.

डाव संपल्यावर लगेच पट मोडू नका. शेवटच्या पटाचा फोटो काढा, सुरुवातीच्या फोटोशेजारी ठेवा आणि पाच मिनिटे प्रत्येकाने एकच चाल सांगावी जी आता वेगळी खेळला असता. “फासे वाईट पडले” हे उत्तर धरायचे नाही. अकरा टिंबांवर बसून खरोखर कार्डे आली नसतील तर फोटोत ते दिसतेच, आणि सहा टिंबांवर बसला असेल तर तेही.

पावसाळा आणि डबा

जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पुठ्ठ्याचे षटकोन वाकतात आणि कार्डे एकमेकांना चिकटतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, कपाटात मधल्या फळीवर आडवा ठेवा. कार्डे झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते बदला किंवा गरम करून वाळवा. वाकलेले षटकोन दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकांच्या वजनाखाली आठवडाभर दाबा, उन्हात किंवा इस्त्रीखाली नको, थर सुटतात. कार्डांना कव्हर घालायचे तर आधी पट्टीने कार्ड मोजा, कारण प्रत्येक गेमचे माप वेगळे असते. कव्हर घालाल तर गड्डीतल्या एकूण एक कार्डाला, अर्ध्याच गड्डीला घातलेले कव्हर खुणेचेच काम करते. डबा बंद करताना रंगागणिक सोंगट्या मोजा: ५, ४, १५. एखादा रस्ता सोफ्याखाली गेला असेल तर तो पाहुणे घरात असतानाच शोधून घ्या.